स्टिअरिंग, नट आणि हातोडी

आजचा विषय कळवला तेव्हा संयोजकांनी मला दोनदा फोन केला. "सर, नक्की हाच ना?" म्हटलं, हाच. मोटारीचं स्टिअरिंग घरच्या घरी काढणं, परत बसवणं, आणि त्यात स्वतःला इजा होऊ न देणं. चाळीसएक वर्षं तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने यावर का बोलावं, असं तुमच्या चेहऱ्यांवर दिसतंय. कारण घरातलंच आहे.

दोन महिन्यांपूर्वी माझा पुतण्या आला होता. त्याच्याकडे दहाएक वर्षांची छोटी गाडी आहे. तिचं स्टिअरिंग काढून त्या जागी लहान, शर्यतीच्या गाडीला असतं तसलं चाक बसवायचा त्याचा बेत. व्हिडिओ बघून झालेले, पान्यांचा संच विकत आणलेला. मी म्हटलं, जरा थांब. तर तो म्हणाला, "काका, एक नट तर असतो मध्ये. तुम्हीच नाही का फियाटचं काढलं होतं?"

आता हे माझ्यावरच आलं. फियाटची ती गोष्ट मी घरात, लग्नकार्यात, पंगतीत निदान पन्नास वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी थोडी रंगवून. पोरं ऐकतच मोठी झाली. तेव्हा आधी ती न रंगवता सांगतो.

१९८३ साली मी जुनी फियाट घेतली. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात तयार झालेली, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खालीच असलेली. वापरलेली गाडी, त्यामुळे रोज एक नवं दुखणं. एकदा इंडिकेटरचा खटका मोडला. तो बदलायचा तर स्टिअरिंग उतरवावं लागतं. रविवार होता, मिस्त्री गावाला गेलेले. मी हॉर्नचं बटण उचकटलं, खाली नट दिसला, पान्याने तो सोडवला आणि पूर्ण काढून खिशात टाकला. मग सीटवर बसून, दोन्ही हातांनी चाक धरून छातीकडे ओढायला लागलो. हलेना. पाय टेकवून सगळा जोर लावला, आणि ते एकदम सुटलं. वरचा ओठ फाटला, दोन टाके पडले, पुढचा एक दात पुढे वर्षभर हलत होता. (हशा.) घरात सांगताना मी टाक्यांपर्यंत येतच नसे. "काढलं एकट्याने" इथेच गोष्ट संपायची.

मिस्त्री परत आले तेव्हा त्यांनी मला एकच गोष्ट दाखवली. नट पूर्ण काढायचा नाही. सैल करायचा आणि शेवटच्या दोन-तीन आट्यांवर राहू द्यायचा. मग चाक सुटलं तरी नटाला अडतं, तोंडावर येत नाही. दुसरी गोष्ट त्यांनी बोलून दाखवली नाही, करताना मी पाहिली. ते दांड्याच्या टोकावर पितळेचा तुकडा ठेवत आणि त्यावर हातोडीचा एक नेमका ठोका देत. चाक 'टक' करून सुटायचं. मला तो ठोका फार आवडला होता. वर्गात हायडेगरचा हातोडा शिकवताना मला मिस्त्रींचीच हातोडी आठवायची.

आजचं सगळं व्याख्यान त्या ठोक्याबद्दल आहे. तो एके काळी कसा चालून गेला आणि आज तोच ठोका जिवावर कसा येऊ शकतो, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

पहिल्या मोटारींना चाकासारखं स्टिअरिंग नव्हतंच. कार्ल बेंझने २९ जानेवारी १८८६ रोजी पेटंटसाठी अर्ज केला ती गाडी तीनचाकी होती. पुढे एक चाक आणि ते वळवायला एक छोटा दांडा. पुढच्या काही वर्षांतल्या बऱ्याच गाड्या अशाच, नावेच्या सुकाणूला असतो तसा दांडा हातात धरून चालवायच्या. आपण मराठीत 'सुकाणू समिती' म्हणतो आणि गाडीच्या चाकाला मात्र स्टिअरिंगच म्हणतो, ही गंमत आहे. खरं तर सुकाणू हा शब्द या दांड्यालाच चपखल बसला असता.

दांड्याचा त्रास असा, की रस्त्यातला प्रत्येक खड्डा थेट मनगटात येतो. १८९५ सालच्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत एमिल लेव्हासॉरने सुमारे १,१८० किलोमीटर अंतर ४८ तास ४८ मिनिटांत, जवळजवळ न थांबता कापलं, तेही हातात असा दांडा धरून. ते मनगट काय झालं असेल याची कल्पना करा. पुढच्या वर्षी पॅरिस–मार्सेय–पॅरिस शर्यतीत त्याची गाडी उलटली, तो जखमी झाला आणि १८९७ च्या एप्रिलमध्ये वारला.

चाक त्याआधीच आलं होतं. २२ जुलै १८९४ च्या पॅरिस–रुआँ स्पर्धेत आल्फ्रेड व्हाशरॉन याने आपल्या पानहार गाडीला दांड्याऐवजी चाक लावलं होतं. पण रुळायला चार वर्षं गेली. १८९८ मध्ये पॅरिस–ॲम्स्टरडॅम शर्यतीसाठी पानहार कंपनीच्या आर्थर क्रेब्सने चाकाचा खांब कलता बसवला. आधीची चाकं उभ्या खांबावर, जेवणाच्या ताटासारखी आडवी असायची. कलत्या खांबामुळे चाक हाताशी आलं, हात दुखेनासे झाले. आज आपण बसतो ती बैठक तिथून आली.

पण नीट बघा काय झालं ते. खांब कलला, म्हणजे त्याचं वरचं टोक चालकाच्या छातीकडे वळलं. खालचं टोक गाडीच्या पुढच्या भागात, जिथे टक्कर होते तिथे. मधला लोखंडी दांडा सलग. समोरून गाडी आदळली की पुढचा भाग मागे सरकणार, दांडा मागे सरकणार, आणि छाती पुढे येणार. पुढची साठ-सत्तर वर्षं माणसं या भाल्यासमोर बसून गाडी चालवत होती आणि मरत होती. आणि मृत्यूचं कारण म्हणून 'चालकाची चूक' असं लिहिलं जात होतं. एक तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. कार्यकारणभाव कुठे थांबवायचा हे आपण ठरवतो. चूक चालकाची असेलही. पण चूक झाली म्हणून छातीत दांडा घुसलाच पाहिजे, हे कोणी ठरवलं?

हा प्रश्न विचारणारी माणसं वेगवेगळ्या ठिकाणी निघाली. ह्यू डीहेवन हा पहिल्या महायुद्धात शिकाऊ वैमानिक असताना विमानाच्या टकरीतून वाचला. माझ्या शरीरातले अमुकच अवयव का फाटले, हा विचार त्याने सोडला नाही आणि पुढे कॉर्नेल विद्यापीठात अपघातातल्या इजांचा पद्धतशीर अभ्यास उभा केला. फोर्डने १९५६ च्या गाड्यांना मध्यभाग खोल असलेलं स्टिअरिंग दिलं, म्हणजे छाती आधी कडेवर टेकावी, मधल्या गड्ड्यावर नाही. जर्मनीत डायम्लर-बेंझमध्ये बेला बारेनी हा अभियंता गाडीचा पुढचा भाग चेपेल आणि माणूस बसतो तो भाग शाबूत राहील अशी रचना करत होता. १९६३ मध्ये त्याने सुरक्षित स्टिअरिंग खांबाचं पेटंट घेतलं. आणि १९६५ मध्ये राल्फ नेडरचं 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड' हे पुस्तक आलं. त्यातलं एक अख्खं प्रकरण 'दुसऱ्या टकरी'वर आहे. पहिली टक्कर गाडीची, दुसरी आतल्या माणसाची, गाडीच्याच आतल्या भागाशी. ९ सप्टेंबर १९६६ ला अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन सुरक्षेच्या कायद्यावर सही केली.

त्याच सुमाराला, १९६७ च्या मॉडेलांपासून, जनरल मोटर्सने मोडणारा खांब आणला. हे जरा सावकाश सांगतो, कारण आपला ठोका इथे येतो.

खांबाच्या बाहेरच्या नळीचा एक भाग जाळीदार केला. दाब आला की तो कागदी आकाशकंदिलासारखा स्वतःत चेपत जातो आणि चेपताना धक्का गिळतो. आतला दांडा दोन तुकड्यांचा, एकात एक सरकणारा. रोजच्या वापरात तो सरकू नये म्हणून दोन्ही तुकड्यांमध्ये प्लास्टिक ओतून बारीक खिळ्या केलेल्या. गाडी वळवताना दांडा फिरतो, त्या फिरण्याचा जोर खिळ्यांवर येत नाही. पण लांबीच्या दिशेने जोराचा धक्का आला की खिळ्या तुटतात आणि दांडा आखडतो. १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत हा नियमच झाला. ताशी ३० मैलांच्या टकरीत खांबाचं वरचं टोक मागे १२७ मिलिमीटरपेक्षा जास्त सरकता कामा नये. पुढे अमेरिकी सरकारच्याच अभ्यासात निघालं, की समोरासमोरच्या टकरीत चालक मरण्याचा धोका या एका बदलाने सुमारे १२ टक्क्यांनी कमी झाला.

आता मिस्त्रींची हातोडी आठवा. ठोका कुठल्या दिशेने? दांड्याच्या टोकावर, लांबीच्या दिशेने. म्हणजे ज्या धक्क्याने मोडावं म्हणून खिळ्या घातल्या, नेमका तोच धक्का. सलग लोखंडी दांड्याला तो ठोका काहीच करत नव्हता. मोडणाऱ्या खांबात तो प्लास्टिकच्या खिळ्या खिळखिळ्या करतो, आणि वाईट म्हणजे ते दिसत नाही. चाक निघतं, परत बसतं, गाडी चालते. फार तर स्टिअरिंगला थोडा खुळखुळा येतो. आधीच तुटलेल्या खिळ्या टकरीत काय करतील, हे टक्कर होईपर्यंत कळत नाही. म्हणून अशा गाड्यांच्या दुरुस्तीच्या पुस्तकांत ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, दांड्यावर ठोकू नका, पुलर वापरा. पुलर म्हणजे काय, तर चाकाला दोन बोल्टांनी धरायचं आणि मधला स्क्रू दांड्याच्या टोकावर टेकवून हळूहळू आवळायचा. चाक वर उचललं जातं, धक्का बसत नाही. गॅरेजांमध्ये तो असतो, भाड्यानेही मिळतो.

मिस्त्री चुकले होते का? मला तसं वाटत नाही. त्यांचं हाताचं ज्ञान त्या गाडीपुरतं खरंच होतं. गाडी बदलली आणि बदल दांड्याच्या आत लपला होता. बाहेरून तोच नट, तेच आटे.

आता एअरबॅग. ती कल्पनाही एका बापाला सुचली. जॉन हेट्रिक हा पेनसिल्व्हेनियातला अभियंता १९५२ च्या वसंतात पत्नी आणि लहान मुलीला घेऊन गाडीतून जात होता. समोर मोठा दगड दिसला, त्याने गाडी वळवून नाल्यात घातली, आणि त्या क्षणी दोघा नवरा-बायकोंचे हात आपोआप मुलीच्या आड गेले. घरी जाऊन त्याने चित्रं काढली आणि १८ ऑगस्ट १९५३ ला पेटंट मिळवलं. कोणी घेतलं नाही. दाबलेल्या हवेने पिशवी फुगवणं फार हळू होतं. टक्कर सुरू झाल्यापासून सेकंदाच्या काही शतांशांत पिशवी भरावी लागते, डोळा मिटून उघडण्याच्याही आत. ते जमलं रसायनाने. म्हणजे विजेच्या ठिणगीने पेटणारं इंधन आणि त्यातून सुटणारा वायू. १९७३ मध्ये ओल्ड्समोबाइलच्या एका गाडीत ती विकायला आली, १९८१ च्या सुमाराला मर्सिडीजने स्टिअरिंगमध्ये दिली, आणि आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग सक्तीची झाली. आधीही बऱ्याच गाड्यांत असायची, पुतण्याच्या गाडीत आहेच.

म्हणजे आता हॉर्नच्या बटणाखाली नट नाही, स्फोटक आहे. शब्द मुद्दाम वापरतोय. अमेरिकेची वाहतूक सुरक्षा संस्था सांगते, की गाडी चालवताना छातीचं हाड आणि स्टिअरिंग यांत निदान २५ सेंटिमीटर अंतर ठेवा, कारण फुगणारी पिशवी जवळ असलेल्या माणसाला मारू शकते. नट काढायला वाकलेल्या माणसाचं अंतर किती असतं, तुम्हीच सांगा.

जून २०१६ मध्ये फ्लोरिडातल्या हायलिआ गावी एक गृहस्थ घराच्या अंगणात २००१ सालची होंडा अकॉर्ड दुरुस्त करत होते. किल्ली चालू स्थितीत होती आणि गाडीच्या आत ते हातोडी चालवत होते. टकाटा कंपनीची एअरबॅग उडाली, तिचं लोखंडी भांडं फुटलं आणि दुसऱ्या दिवशी ते वारले. टकाटाची भांडी सदोष होती, उष्ण आणि दमट हवेत त्यातलं रसायन बिघडत होतं, त्यासाठी जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तेव्हा सगळा दोष त्या गृहस्थांचा नाहीच. पण अंगण, रविवारचं काम, हातोडी ... मी ही बातमी वाचली तेव्हा माझ्या ओठावरच्या व्रणाला हात गेला.

आता प्रत्यक्ष कामाचं. एअरबॅग नसलेली जुनी गाडी असेल तर घरी करता येतं, मी नाही म्हणणार नाही. पुढची चाकं सरळ करा, हँडब्रेक ओढा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. हॉर्नचं बटण उतरवलं की नट दिसेल. नट सोडवताना चाक हाताने किंवा मदतनिसाकडून धरा, स्टिअरिंगच्या कुलपावर जोर देऊ नका, ते मोडतं. नट दोन-तीन आट्यांवर ठेवा. दांडा आणि चाक दोघांवर मिळून एक खूण करा. दांड्याला बारीक दाते असतात, एक दाता चुकला तरी चाक वाकडं बसतं आणि इंडिकेटर वळणानंतर भलत्याच वेळी परत येतो. मग पुलर. बसवताना खूण जुळवा आणि नट किती आवळायचा तो आकडा त्या गाडीच्या पुस्तकातून घ्या. इथे 'हाताला घट्ट लागलं' हे माप नाही. काही गाड्यांना दर वेळी नवा नट लागतो. शेवटी उभ्या गाडीत दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा, आणि मग मोकळ्या मैदानात अगदी हळू चालवून बघा.

एअरबॅग असेल तर माझं मत स्पष्ट आहे, घरी करू नका. पण काय असतं ते माहीत असावं, म्हणजे गॅरेजवाला घाई करत असेल तर कळेल. किल्ली बंद, बॅटरीची तार काढलेली, आणि मग थांबायचं. का थांबायचं? टकरीत बॅटरीच तुटली तरी पिशवी फुगावी म्हणून आत वीज साठवलेली असते. ती उतरायला वेळ लागतो. किती, ते त्या गाडीच्या पुस्तकात असतं. कुठे काही मिनिटं, कुठे दहाच्या वर. पिशवीच्या तारांना मीटर लावून बघायचं नाही, मीटरची वीजही पुरते. सुटी केलेली पिशवी धरताना तिचं तोंड अंगापासून दूर, ठेवताना तोंड वर, आणि वर काहीही ठेवायचं नाही. तोंड खाली ठेवली आणि उडाली तर ती छताला जाईल.

आणि एक वस्तू, जिच्याबद्दल व्हिडिओ फारसं बोलत नाहीत. फिरत्या चाकापर्यंत वीज न्यायला आत एक चपटी पट्टीसारखी तार गुंडाळलेली असते, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी. तिला क्लॉक स्प्रिंगच म्हणतात. तिला दोन्ही बाजूंना ठरावीक फेरेच मिळतात. चाक काढलेलं असताना ती हाताने फिरली आणि तशीच बसवली, तर पहिल्याच पूर्ण वळणाला तुटते. मग पुढे एअरबॅगचा दिवा पेटतो आणि पिशवी टकरीला फुगत नाही. म्हणून काढताच तिला चिकटपट्टी लावून तिथेच थांबवायचं.

पुतण्याला मी हे सगळं सांगितलं, आजच्यापेक्षा जरा जास्त ओरडून. त्याने विचारलं, "मग लहान चाक बसवलं तर एअरबॅग जाते?" म्हटलं, जातेच, तिला जागाच नाही. तो काही बोलला नाही. मी त्याला फियाटची गोष्ट परत सांगितली, या वेळी टाक्यांसकट. त्याने माझा ओठ जवळून पाहिला. व्रण आहे का खरंच, ते बघायला.

पान्यांचा संच सध्या माझ्याकडे आहे. तो म्हणतो परत नेईन. बघू.

कोणाचे प्रश्न असतील तर विचारा. मागे बसलेल्या काकांनी मघापासून हात वर केलाय, त्यांना आधी माइक द्या.